अन्नाचे व औषधाचे वावडे : निदान कसे होते?

मार्गशीर्ष अमावास्येस, म्हणजे येळवशीला, बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील सीमेलगतची गावे दुपारी जवळजवळ ओस पडतात. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांतील कुटुंबे आप्तेष्टांसह शेतावर गेलेली असतात. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते आणि मग भज्जी, आंबील, उंडे व खीर यांची पंगत बसते. भज्जी ही या दिवसाची खरी मानकरी. ओली तूर, हरभरा, वाटाणा, वाल, भुईमुगाचे दाणे, हिरवी मिरची, लसूण आणि बेसन असे रानात व घरात जे जे असेल ते तीत पडते.

अशा जेवणानंतर अर्ध्या तासात पंगतीतील एखाद्या बाईच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि घसा दाटून आला, असे कल्पावे. हे कशामुळे झाले? भज्जीत पाच कडधान्ये होती. आंबिलीत ताक होते, खिरीत गहू व गूळ होता. अंग दुखते म्हणून तिने सकाळी एक गोळी घेतली होती. येताना बांधावरचे गाजर गवत पायाला लागले होते. घरातील वडीलधारी माणसे म्हणतील, ‘पित्त उठले.’ दुकानदार एक गोळी देईल, सायंकाळपर्यंत गांधी मावळतील आणि प्रश्न तसाच राहील. पुढील वेळी त्रास अधिक तीव्र झाला, तर मात्र तो प्रश्न जीवावरचा ठरू शकतो. उलट, भीतीपोटी त्या बाईने सर्वच डाळी वर्ज्य केल्या, तर ज्या मुलखात भाकरी व वरण हाच गरिबाच्या अंगी लागणारा आहार आहे, तेथे तिच्या प्रकृतीचे नुकसान निश्चित आहे. खरे कारण शोधून काढणे व निष्कारण असलेले पथ्य सोडविणे, अशी दोन्ही कामे निदानास करावी लागतात.

वावडे म्हणजे काय?

मराठीत ‘वावडे’ हा जुना व अर्थपूर्ण शब्द आहे. एखाद्याला वांग्याचे वावडे असते, एखाद्याला दुधाचे. परंतु वैद्यकशास्त्र ज्याला अ‍ॅलर्जी म्हणते ती या शब्दाच्या व्याप्तीचा एक भाग मात्र आहे. ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘अ‍ॅलर्जी’ ही संज्ञा प्रथम वापरली. जंतूंपासून संरक्षण करणारी शरीरातील यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजते व त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, ही त्यातील मुख्य गोष्ट होय. तत्काळ होणाऱ्या अ‍ॅलर्जीत ‘आयजीई’ नावाचे प्रतिपिंड कार्य करते. ते त्वचा, श्वसनमार्ग व आतडी यांतील विशिष्ट पेशींना चिकटून राहते. तोच पदार्थ पुन्हा शरीरात आला, की या पेशी फुटाव्यात तशा रिकाम्या होतात व त्यांतून हिस्टामिन आदी द्रव्ये बाहेर पडतात. गांधी, खाज, सूज, शिंका, धाप, उलटी हे सर्व त्यांचेच परिणाम. रक्तदाब एकाएकी उतरला किंवा श्वासनलिका आवळली गेली, तर त्या अवस्थेस ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ म्हणतात. तिच्यात मिनिटांचा हिशेब असतो.

दूध प्याल्यावर पोट फुगणे व जुलाब होणे ही पुष्कळदा अ‍ॅलर्जी नसते. दुधातील शर्करा पचविणारे पाचकद्रव्य प्रौढपणी कमी पडल्याने असे होते. अशा माणसास ताक व दही बहुधा सोसते. दुधाची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या बालकास मात्र ताकाचा घोटही बाधू शकतो. शिळ्या अन्नाची विषबाधा, तिखटाने होणारी जळजळ व आम्लपित्त यांचाही अ‍ॅलर्जीशी संबंध नाही. हा भेद प्रयोगशाळेत जाण्यापूर्वीच करावा लागतो आणि तो रुग्णाने सांगितलेल्या हकीकतीवरूनच होतो.

पहिली चाचणी : हकीकत

अ‍ॅलर्जीच्या निदानात सुई आणि रक्त यांचा क्रम दुसरा आहे. पहिला मान हकीकतीचा. काय खाल्ले, किती खाल्ले, ते कच्चे होते की शिजलेले, खाल्ल्यापासून किती वेळाने त्रास सुरू झाला, तो किती वेळ टिकला, पूर्वी तोच पदार्थ खाऊन असे झाले होते काय, नंतर पुन्हा खाल्ल्यावर काय झाले, त्या दिवशी कोणते औषध घेतले होते, उन्हात श्रम केले होते काय, हे प्रश्न डॉक्टर विचारतात. आयजीईमुळे होणारी अन्नाची अ‍ॅलर्जी बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत प्रकट होते. आदल्या रात्रीच्या वांग्याच्या भाजीने दुसऱ्या दिवशी दुपारी गांधी उठल्या, ही समजूत म्हणूनच सहसा टिकत नाही. वेदनाशामक गोळी व अन्न अशी दोन्ही एकत्र आली की प्रतिक्रिया तीव्र होते, असेही काही रुग्णांत आढळते. येळवशीच्या दिवशीची सकाळची गोळी त्यामुळे हकीकतीतून गाळून चालणार नाही.

सीमाभागात या हकीकतीस एक अडचण आहे व ती वैद्यकीय नाही. घरात मराठी, बाजारात कन्नड, दाखनी वा तेलुगू आणि कागदावर इंग्रजी, असा येथील व्यवहार आहे. तुरीला कन्नडमध्ये ‘तोगरि’ म्हणतात, हरभऱ्याला ‘कडले’. पण ‘कडलेकायि’ म्हणजे हरभरा नव्हे. दक्षिण कर्नाटकातून आलेला डॉक्टर किंवा परिचारिका त्या शब्दाने भुईमूग समजेल, आणि उत्तरेकडील माणूस भुईमुगाला ‘शेंगा’ म्हणेल. मराठीभाषक रुग्णाने तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये नुसते ‘शेंगा’ म्हटले, तर त्याच्या मनात तुरीच्या शेंगा असण्याचाही संभव आहे. निदान एका शब्दापायी चुकीच्या वाटेस लागू शकते. संशयित पदार्थ चिमूटभर पुडीत बांधून नेला, तर भाषेचा प्रश्नच उरत नाही. हा साधा उपाय कोणत्याही दुभाष्यापेक्षा विश्वसनीय आहे.

त्वचेवरील टोचणी चाचणी

हकीकतीवरून दोन-चार पदार्थांवर संशय स्थिर झाला, की त्वचेची चाचणी उपयोगी पडते. तिच्यामागील तत्त्व शतकभर जुने आहे. १९२१ मध्ये जर्मनीत प्राउस्निट्झ व क्यूस्टनर या दोन डॉक्टरांनी एक धाडसी प्रयोग केला. क्यूस्टनर यांना मासे बाधत असत, प्राउस्निट्झ यांना बाधत नसत. क्यूस्टनर यांच्या रक्तातील द्रव प्राउस्निट्झ यांच्या त्वचेत टोचण्यात आला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क देताच तेथे गांध उठली. अ‍ॅलर्जीस कारण होणारे काहीतरी रक्तात असते व ते त्वचेत जाऊन बसते, हे त्यावरून सिद्ध झाले. आज माणसाचे रक्तद्रव दुसऱ्याला टोचण्याची पद्धत अर्थातच राहिलेली नाही. रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेलाच प्रश्न विचारण्यात येतो.

हाताच्या पुढील भागाच्या आतील बाजूस किंवा पाठीवर खुणा करून प्रत्येक पदार्थाच्या अर्काचा एकेक थेंब ठेवतात व त्या थेंबातून बारीक लॅन्सेटने त्वचेस किंचित टोचतात. रक्त येत नाही, मुलेही हे सहन करतात. दोन थेंब मुद्दाम वेगळे असतात. एक हिस्टामिनचा, जेथे गांध उठलीच पाहिजे, आणि दुसरा मिठाच्या साध्या द्रावणाचा, जेथे ती उठता कामा नये. पंधरा ते वीस मिनिटांनी गांधीचा व्यास मोजतात. साध्या द्रावणाच्या जागेपेक्षा तो ३ मिलिमीटर किंवा अधिक असल्यास चाचणी होकारार्थी मानतात. काही फळे व भाज्या यांचे तयार अर्क टिकत नाहीत. तेथे लॅन्सेट प्रथम ताज्या फळात व मग त्वचेत टोचतात. अन्नपदार्थाचा अर्क त्वचेच्या आत सुईने भरण्याची पद्धत मात्र तीव्र प्रतिक्रियेच्या भयाने व खोट्या होकारामुळे वर्ज्य मानण्यात येते.

ही चाचणी फसण्याचे नेहमीचे कारण घरातच असते. सेट्रिझिन, क्लोरफेनिरामिन यांसारख्या खाजेवरील व सर्दीवरील गोळ्या गांध उठू देत नाहीत. त्या सुमारे आठवडाभर आधी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, थांबवाव्या लागतात. सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांत हीच द्रव्ये असतात, हे रुग्णास ठाऊक नसते. हिस्टामिनच्या थेंबासही गांध उठली नाही, की डॉक्टर ओळखतात व चाचणी दुसऱ्या दिवसावर जाते. मग भालकीहून आलेल्या माणसाची एक फेरी व एका दिवसाची मजुरी बुडते. ही चाचणी डॉक्टरच्या देखरेखीखाली व अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन हाताशी असेल तेथेच व्हावी.

रक्ताची चाचणी आणि शंभर नावांचा कागद

आयजीईचा शोध १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने व स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिच यांनी स्वतंत्रपणे लावला. १९६७ मध्येच विशिष्ट पदार्थाविरुद्धचे आयजीई रक्तात मोजण्याची रीत प्रसिद्ध झाली. त्वचेवर मोठा इसब असेल, गोळ्या थांबविणे शक्य नसेल किंवा पूर्वीची प्रतिक्रिया फार तीव्र असेल, तेव्हा ही चाचणी सोयीची ठरते. सेट्रिझिनचा तिच्यावर परिणाम होत नाही.

एकूण आयजीई आणि विशिष्ट आयजीई यांत मात्र गल्लत होते. पोटात जंत असले तरी एकूण आयजीई वाढते. अनवाणी शेतात वावरणाऱ्या व उघड्या पाण्यावर अवलंबून असणाऱ्या वस्तीत तो आकडा मोठा दिसला, तर त्यावरून अन्नाची अ‍ॅलर्जी ठरविणे गैर होय.

विशिष्ट आयजीईचाही अर्थ जपून लावावा लागतो. याविषयी कर्नाटकातच झालेले एक मोठे सर्वेक्षण अत्यंत बोधप्रद आहे. म्हैसूर येथील जे. एस. एस. वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. पी. ए. महेश व त्यांचे सहकारी यांनी युरोपातील संशोधकांच्या साहाय्याने बेंगळूर व म्हैसूर भागात हे काम केले आणि त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. २० ते ५४ वयोगटातील ११,७९१ प्रौढांना प्रथम प्रश्नावली देण्यात आली व त्यांपैकी निवडक ५८८ जणांची पुढील टप्प्यात तपशीलवार तपासणी झाली. कोणत्या ना कोणत्या अन्नपदार्थाविरुद्ध आयजीई आढळण्याचे प्रमाण २६.५ टक्के निघाले. पण लक्षणे व चाचणी यांचा मेळ बसून संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जी म्हणता येईल, असे प्रमाण १.२ टक्केच होते. शंभर माणसांची रक्ततपासणी केली तर पंचवीसांहून अधिक जणांच्या कागदावर काहीतरी ‘पॉझिटिव्ह’ निघेल, आणि त्यांतील फार तर एखाद-दुसऱ्यास ते अन्न खरोखर बाधत असेल. इतरांच्या शरीरात ओळख आहे, वैर नाही. परागकण, कीटक व वनस्पती यांतील साम्य असलेल्या घटकांमुळेही अशी ओळख रक्तात दिसते.

यामुळेच हकीकत न विचारता शंभर-दोनशे पदार्थांची एकत्र रक्ततपासणी करणे व जे जे होकारार्थी निघेल ते ते वर्ज्य करणे, ही पद्धत हितावह नाही. कागदावर दूध, गहू, तूर, मूग, शेंगदाणा, टोमॅटो अशी यादी असते. आई भयभीत होऊन मुलाच्या ताटातून एकेक जिन्नस काढते. वर्षभराने मुलाच्या अंगावरील गांधी तशाच असतात, वजन मात्र घटलेले असते. दुसरा प्रकार ‘आयजीजी’ या वेगळ्या प्रतिपिंडाच्या चाचणीचा. अन्न खाल्ले की ते प्रतिपिंड निरोगी माणसातही तयार होते. अन्नाची अ‍ॅलर्जी ठरविण्यासाठी तिचा उपयोग करू नये, असे युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही अशा तपासण्यांच्या जाहिराती होतात व माणसे पैसे मोजतात.

डाळीची अ‍ॅलर्जी नसतेच, असा याचा अर्थ नव्हे. मुंबईतील निफाडकर, पाटील व बापट या डॉक्टरांनी १९९७ मध्ये हरभऱ्यामुळे झालेल्या अ‍ॅनाफिलॅक्सिसची नोंद प्रसिद्ध केली व २००१ मध्ये भारतीय उपखंडातील एक प्रमुख अ‍ॅलर्जीकारक अन्न म्हणून हरभऱ्याचा सविस्तर अभ्यास मांडला. पाश्चात्त्य ग्रंथांत शेंगदाण्यास जे स्थान आहे, ते आपल्याकडे काही अंशी बेसनास द्यावे लागेल. कलबुर्गीची तूरडाळ, जिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तीही याला सर्वथा अपवाद नाही. लखनौ येथील भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये तुरीतील अ‍ॅलर्जीकारक प्रथिनांचे वर्णन केले आहे. तथापि एका कडधान्याची अ‍ॅलर्जी म्हणजे सर्व कडधान्यांची अ‍ॅलर्जी नव्हे. चाचणीत पाचही होकारार्थी आली, तरी खाल्ल्यावर बाधणारे एकच असू शकते.

खाऊन पाहण्याची चाचणी

शेवटचा निर्णय म्हणूनच ताटावर होतो. संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्णपणे वर्ज्य करून लक्षणे जातात काय हे प्रथम पाहतात. ती गेली नाहीत, तर त्या पदार्थावरील आरोप मागे घ्यावा लागतो. गेली, तर तो पदार्थ रुग्णालयात, डॉक्टरच्या नजरेखाली, अत्यल्प प्रमाणापासून चढत्या मात्रेने खाण्यास देतात. प्रत्येक मात्रेनंतर पंधरा-वीस मिनिटे वा अधिक थांबून नाडी, रक्तदाब, त्वचा व श्वास तपासतात. नेहमीच्या जेवणाइतके प्रमाण पोटात जाऊनही काही झाले नाही, तर रुग्ण त्या पथ्यातून मुक्त होतो.

या चाचणीचा सर्वांत कसोशीचा प्रकार असा, की खरा पदार्थ व त्याच चवीचा निरुपद्रवी पदार्थ यांपैकी कोणता दिला जात आहे, हे रुग्णास आणि देणाऱ्यासही ठाऊक नसते. मनातील भीतीचा व पूर्वग्रहाचा वाटा त्यामुळे वेगळा पडतो. खर्च व वेळ यांमुळे ती सर्वत्र होत नाही. साधी उघड चाचणीही पुष्कळदा पुरते.

घसा सुजणे, धाप लागणे, भोवळ येणे असा त्रास ज्याला एकदा झाला आहे, त्याने हा प्रयोग घरी कदापि करू नये. ‘थोडेसे खाऊन पाहू’ हे वाक्य त्याच्या बाबतीत धोक्याचे आहे. इतर बाबतींत मुलांना एक सवलत निसर्गानेच दिली आहे. दूध व अंडे यांची बालपणातील अ‍ॅलर्जी अनेक मुलांत वयाबरोबर जाते. चौथ्या वर्षी लागलेले पथ्य दहाव्या वर्षी फेरतपासणीशिवाय चालू ठेवू नये. कर्नाटकातील शाळांत २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेखाली दूध देण्यास प्रारंभ झाला व बीदर, कलबुर्गी आदी जिल्ह्यांत डिसेंबर २०२१ मध्ये अंडी देण्याचा उपक्रम सुरू झाला. तेथे ‘याला चालत नाही’ हे पालकांचे म्हणणे शिक्षकांनी मानावे आणि केव्हा, काय, किती वेळात झाले हेही विचारून लिहून ठेवावे. रिवाजामुळे न खाणे आणि बाधते म्हणून न खाणे, हे दोन्ही आदरणीय असले तरी नोंद दुसऱ्याचीच व्हावी.

औषधांची अ‍ॅलर्जी

औषधांच्या बाबतीत स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. अन्नाचे अर्क तयार मिळतात, बहुतेक औषधांसाठी प्रमाणित चाचणी नाही. सर्वांत चांगली चाचणी उपलब्ध आहे ती पेनिसिलिनची. हे औषध आपल्या भागास परके नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यातून ते देशभर पोहोचले. शरीरात पेनिसिलिनचे जे घटक होतात, त्यांची द्रावणे प्रथम टोचणीने व मग त्वचेच्या थरात अगदी थोडी, ०.०२ ते ०.०५ मिलिलिटर, देऊन पंधरा-वीस मिनिटांनी गांध पाहतात. ती न उठल्यास देखरेखीखाली औषधाची मात्रा देऊन निर्णय पक्का करतात.

एवढा खटाटोप कशासाठी? पाश्चात्त्य देशांत सुमारे दहा टक्के लोकांच्या कागदावर ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ असे लिहिलेले असते आणि रीतसर तपासल्यावर त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक ते औषध निर्धोकपणे घेऊ शकतात. लहानपणी तापात आलेले पुरळ औषधाच्या माथी मारलेले असते, किंवा एके काळी असलेली अ‍ॅलर्जी काळाने ओसरलेली असते. खरी अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकीही सुमारे ८० टक्क्यांत ती दहा वर्षांत मावळते. आपल्याकडे या शिक्क्याची किंमत विशेष आहे. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडू नयेत, म्हणून मुलांना दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षे, पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. कोणीतरी घाईने ‘सुई चालत नाही’ म्हटल्यामुळे ते बंद झाले, तर झडप निकामी होण्याची वाट मोकळी होते. खरी अ‍ॅलर्जी असताना दिले, तर प्राणावर बेतते. दोन्ही बाजूंनी आड आणि विहीर असल्यामुळेच तपासणीस पर्याय नाही.

गावोगावी इंजेक्शनपूर्वी हातावर थोडे औषध टोचून दहा-पंधरा मिनिटे थांबविण्याची रीत आहे. ही ‘टेस्ट’ म्हणजे अभय नव्हे. तीत काही न होताही पूर्ण मात्रेनंतर प्रतिक्रिया येऊ शकते, आणि नुसत्या औषधाच्या जळजळीनेही त्वचा लाल होऊ शकते. पूर्वी कसलाही त्रास न झालेल्या प्रत्येक माणसाची अशी चाचणी घेण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्था करीत नाहीत. त्यापेक्षा पूर्वीचा त्रास विचारणे, इंजेक्शननंतर अर्धा तास रुग्णास बसवून ठेवणे व अ‍ॅड्रिनलिन तयार ठेवणे यांतून अधिक रक्षण होते. रुग्णाने सुई घेताच बस गाठण्याची घाई करू नये.

सर्पदंशाच्या बाबतीत तर शासनाचा निर्देश स्पष्टच आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांवरील भारतातील लस घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते व तिची प्रतिक्रिया येऊ शकते. पण ती येईल की नाही हे त्वचेवरील चाचणी सांगू शकत नाही. म्हणून केंद्र शासनाच्या सर्पदंश उपचारपद्धतीत चाचणी-मात्रा देऊ नये असे म्हटले आहे. तुरीच्या काढणीत साप चावलेल्या मजुराची अर्धी घटका त्या निरर्थक चाचणीत जाऊ नये. लस सुरू करावी व अ‍ॅड्रिनलिन भरलेली सिरिंज बाजूस ठेवावी.

वेदनाशामक गोळ्यांमुळे होणाऱ्या त्रासात त्वचेची वा रक्ताची चाचणी बहुधा काही सांगत नाही. तेथे रुग्णालयात चढत्या मात्रेने गोळी देऊन पाहणे, किंवा निराळ्या जातीची सुरक्षित गोळी शोधणे हाच मार्ग. उशिरा, दिवसांनी उमटणाऱ्या पुरळासाठी ठिगळ-चाचणी करतात. औषध वा पदार्थ पाठीवर चिकटपट्टीखाली ४८ तास ठेवून तेव्हा व पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा पाहतात. ही रीत जर्मन भाषक त्वचारोगतज्ज्ञ याडासोन यांनी १८९५ मध्ये दाखविली. पुण्यात १९५० नंतर प्रथम लक्षात आलेल्या व आता बांधोबांधी पसरलेल्या गाजर गवतामुळे चेहऱ्यावर व हातांवर जो चिवट इसब होतो, त्याचे निदानही तिनेच होते. येळवशीच्या पंगतीतील बाईचा त्रास दुसऱ्या दिवशी केवळ उघड्या त्वचेवर दिसला असता, तर भज्जीऐवजी गवतावर संशय घ्यावा लागला असता.

औषधानंतर तोंड, डोळे व गुप्तांग यांवर फोड येऊन कातडी सोलली गेली असेल, तर ते औषध पुन्हा देऊन पाहण्याची चाचणी सर्वथा निषिद्ध आहे. फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन या औषधाच्या बाबतीत, ज्यांना असा धोका अधिक आहे असे काही लोक रक्तातील जनुकाच्या तपासणीने आधी ओळखता येतात.

प्रतिक्रिया आली तर

खाल्ल्यावर वा औषध घेतल्यावर गांधींबरोबर आवाज घोगरा होणे, धाप, वारंवार उलटी, भोवळ यांपैकी काही दिसल्यास रुग्णास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. धाप लागली असल्यास टेकून बसू द्यावे. एकाएकी उठवून चालवू नये. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. ही सेवा कर्नाटकात व महाराष्ट्रात दोन्हीकडे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिला उपचार म्हणजे मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत अ‍ॅड्रिनलिन. गोळी किंवा सलाईन हे त्यानंतरचे.

बरे वाटल्यावर त्याच दिवशी कागद करावा. सीमेवरील माणूस उपचारासाठी आज कलबुर्गीस, उद्या उदगीर वा लातुरास, परवा सोलापूर वा हैदराबादेस जातो. प्रत्येक ठिकाणी ‘मला इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आहे’ एवढेच तो सांगतो, आणि कोणते इंजेक्शन हे कोणासच कळत नाही. बीदर किंवा कलबुर्गी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याला तपासणीसाठी पाठविले, तरी अशा कोऱ्या हकीकतीवर तेथील डॉक्टर कोणत्या औषधाची चाचणी घेणार? औषध देणाऱ्या डॉक्टराकडून त्याचे मूळ नाव, मात्रा, तारीख, किती मिनिटांनी काय झाले व कोणता उपचार केला एवढे पाच ओळींत लिहून घ्यावे. स्वतःस लिहिता येत नसल्यास ग्रामपंचायतीतील कर्मचारी, आशा कार्यकर्ती वा शिक्षक यांची मदत घ्यावी. मजकूर मराठी व कन्नड दोन्ही लिपींत असावा, औषधाचे नाव वेष्टनावर छापले आहे तसे उतरावे आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट वा इंजेक्शनच्या खोक्याचा तुकडा त्याच कागदास टाचून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावा.